हेर्लेकर डॉक्टरांचे पांढरे मोजे

हेर्लेकर डॉक्टर मिसळसुद्धा हातात पांढरे सुती मोजे घालून खायचे. पाव चमच्याच्या कडेने तोडायचा, चमच्यानेच कटात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. हॉटेलातला पोऱ्या ओरडायचा, "डॉक्टर, मोज्याला तर्री लागंल की!"

"लागू दे. मोजा धुता येतो."

मग हात काय धुता येत नाही? पण हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

दूधकट्ट्यावर पेला मोज्यात, वाचनालयात वर्तमानपत्र मोज्यात. अंबाबाईच्या देवळात तर पुजाऱ्याशी रोजचा वाद. सगळे तीर्थाला तळवा पुढे करायचे, डॉक्टर आ वासून उभे. पुजारी वैतागून पळी वरूनच त्यांच्या तोंडात रिकामी करायचा. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा आणि खाली ते मोजे. गावाने त्यांचं नाव मोजेवाले डॉक्टर ठेवलं होतं. कुणी म्हणे पूर्वी लष्करात होते, कुणी म्हणे सोवळं डोक्यात गेलंय. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात विचारणारंही कुणी नव्हतं.

आमच्या धंद्यातला दगडू चौगुले म्हणायचा, "रोग्याची किळस येती बघ त्येला. मग डॉक्टर कशाला झाला कुणास ठावं!"

दगडूचं मला आयुष्यात जे थोडं पटलं, त्यात हे एक होतं. माझा या डॉक्टरवर राग होता, आणि तो का होता हे सांगायचं तर आधी माझा हात सांगावा लागेल.

मी म्हशींचा व्यापारी. लोक हेडी म्हणतात, म्हणोत. बापाने वारसा म्हणून एक दावं दिलं, तेही तुटकं. त्यावर मी दावण उभी केली. पेठ वडगावच्या बाजारात माझ्या दावणीला उत्तम म्हशी असायच्या आणि माझ्याशी सौदा करताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटांनी बोलतात. अमुक बोट दाबलं की अमुक भाव, पंजा दाबला की अमुक. तोंडाने दोघं म्हशीच्या शिंगांबद्दल किंवा पावसाबद्दल बोलत असतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडाने भाव बोलणारा व्यापारी मेलाच म्हणायचा, कारण एकदा बोललेला भाव साऱ्या बाजाराचा होतो. थोडक्यात, माझं दुकान म्हणजे माझा उजवा हात.

आणि त्याच हाताला सोरायसिस झाला.

हे नाव नंतर कळलं. आधी नुसते लाल चट्टे. मग त्यांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे, तळव्याला भेगा, नखांना खड्डे. म्हशीच्या काळ्या पाठीवरून हात फिरवला की मागे पांढरी पूड राहायची. गिऱ्हाईक आधी म्हशीकडे बघे, मग पुडीकडे, मग माझ्याकडे. मग त्याला एकाएकी आठवे की घरी काम आहे.

कोण म्हणालं गोमूत्र, कोण म्हणालं कडुलिंब. सगळं केलं. सीमेकडच्या एका वैदूने पुडी दिली. तिने चट्टे आठवड्यात गायब! मी पेढे वाटले. पुडी संपली आणि चट्टे परत आले ते भाऊबंद घेऊन, कोपरापर्यंत. बाजारात दगडूने कुजबूज सोडली, "हात घालू नका रं. महारोग हाय." त्यानंतर माझा टॉवेल खांद्यावरून खाली येईना. लोक लांबूनच म्हणायचे, "तोंडानं सांगा की भाव."

शेवटी बायकोने, शांताने, दंडाला धरून मला हेर्लेकरांकडे नेलं. मोजे घातलेल्या दोन बोटांनी डॉक्टरांनी माझा हात उलटसुलट केला.

"सोरायसिस. महारोग नाही. लागट नाही. कुणालाही होत नाही तुमच्यामुळे."

"बरं किती दिसांत करताय?"

"बरं करत नाही मी."

"मंजे? पाटी कशाला लावलीया मग?"

"हा पावणा जायला आलेला नाही, मुक्कामाला आलाय. आत्ता तो तुमच्या माजघरात लोळतोय. त्याला आपण ओसरीवर आणून बसवू. तिथं गप्प राहील. अधनंमधनं आत डोकावेल, तेव्हा पुन्हा ओसरीवर."

मी आयुष्यभर भाव पाडलेला माणूस. म्हटलं, "असं कसं? जरा कमीजास्त करा की. एक हात तरी कायमचा बरा करा. डावा ऱ्हाऊ द्या तसाच."

"घासाघीस नको," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणी गोळ्या कमी करा म्हणालं, पथ्य सोडा म्हणालं, की एकच उत्तर. वैदूची पुडी दाखवली तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "ही गटारात टाका. यात काय घातलंय ते त्या माणसालाच ठाऊक. झटकन घालवतं ते झटकन परत येतं. येताना सोबत्यांना घेऊन येतं."

मग त्यांनी डांबराचं मलम दिलं. रस्त्याचं डांबर नव्हे, पण वास सख्ख्या भावाचा. झोपताना हाताला चोपडायचं आणि वरून जुनं सुती फडकं गुंडाळायचं. सकाळी धुवायचं, ओल्या अंगावरच खोबरेल जिरवायचं, आणि कोवळ्या उन्हात हात धरून बसायचं. कडक साबण बंद. खपल्या ओरबाडणं बंद. "आणि चिडणं कमी," ते म्हणाले. "चिडलात की ते फुलतं."

"मी कुठं चिडतोय?" मी टेबलावर मूठ आपटून विचारलं.

शांता म्हणाली, "आता वरनं खडी टाकली की रोलर आणायचा." म्हशी वासाने फुरफुरायला लागल्या, मालकाला ओळखेनात. पण मी नेटाने केलं. डॉक्टर दर खेपेला हात बघायचे, मलम बदलायचे, "हं" म्हणायचे. हळूहळू पापुद्रे विरळ झाले. भेगा मिटल्या. एके दिवशी धार काढताना हाताला कळ आली नाही, तेव्हा मी तिथेच शेणात बसलो आणि म्हशीला सांगितलं. दुसरं कोण होतं जवळ?

मग राग कशाचा? मोज्यांचा.

बाजार हाताला शिवत नव्हता तो अडाणी म्हणून. पण 'लागट नाही' म्हणून तोंडाने सांगणारा हा शिकलेला माणूस मोज्याशिवाय एकदाही मला शिवला नाही. आणखी एक होतं. ऊन खायला मी कळंब्याच्या तळ्यावर जायचो. बघतो तर पलीकडच्या दगडावर डॉक्टर पाठमोरे बसलेले असायचे. मी लांबून हाक मारली की वळण्याआधी घाईघाईने खिशातून मोजे काढून चढवायचे. एरवी उघड्या हातांनी बसतो आणि मला बघून मोजे घालतो! माझ्या डोक्यात आग उठायची.

एक दिवस दवाखान्यात ती आग बाहेर पडली. आदल्या बाजारात पुन्हा एकही हात टॉवेलाखाली आला नव्हता.

"हात सुधारला म्हणताय न्हवं? मग धरा की हातात! मोजा काढून धरा! बाजार शिवत न्हाय आणि तुम्हीबी शिवत न्हाय. तुमच्यात आणि दगड्यात फरक काय?"

डॉक्टर मोज्याची शिवण चाचपत बसले. "तुमच्या हातासाठी नाहीत ते," एवढंच म्हणाले.

"मग कुणासाठी? शोभेला?"

मी मलमाची डबी तिथेच टेबलावर ठेवून निघालो. शांताने ती मागून उचलून आणली, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या बाजाराला मी दावणीला गंगी बांधली. गंगी म्हणजे माझं नाक. तिच्याएवढी म्हैस त्या बाजारात दुसरी नव्हती. मनाशी ठरवलं होतं, आज गंगीसाठीसुद्धा कुणी हातात हात घातला नाही, तर दावण उठवायची आणि दुसऱ्याच्या गोठ्यात राबायला जायचं. लोक येत होते, गंगीभोवती फिरत होते, जिभल्या चाटत होते. मी टॉवेल पुढे केला की दोन पावलं मागे. उचगावचा एक दूधवाला शिवाप्पा माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचा हात अर्धा पुढे आला. तेवढ्यात दगडू खाकरला, आणि तो हात मिशीकडे वळला.

"तोंडानं सांग की, बाळू," दगडू म्हणाला. "लाजतोस व्हय?"

मी दावं सोडायला वाकलो.

"काय हो, ही म्हैस दूध देते का?"

वर बघतो तर हेर्लेकर डॉक्टर. पांढरी विजार, बूट शेणात रुतलेले, हातात मोजे. सारा बाजार गोळा झाला. डॉक्टरांनी गंगीची जीभ बघितली, मानेखाली बोटं ठेवून नाडी बघितली. लोक खो खो हसायला लागले.

"डॉक्टर, थर्मामीटर लावा की!" कुणीतरी ओरडलं.

"घ्यायची आहे," डॉक्टर मला म्हणाले. "टॉवेल टाका."

"चेष्टा करायला आलाय व्हय?" मी दात खाऊन म्हटलं. "बांधणार कुठं? दवाखान्यात?"

"टॉवेल टाका, बाळासाहेब."

मी टाकला. टॉवेलाखाली मोज्याचा हात आला. मग डॉक्टरांचा डावा हात खाली शिरला, काहीतरी खेचाखेच झाली, आणि पांढरा मोजा सगळ्यांच्या देखत बाहेर आला. डॉक्टरांनी तो खिशात टाकला.

हसणं बंद झालं. तीर्थालासुद्धा तळवा पुढे न करणाऱ्या माणसाने उघडा हात माझ्या हातात दिला होता. शिवाप्पाचं तोंड उघडं राहिलं. दगडूचं मिटलं.

ते जे बघत होते ते वर. खाली काय चाललं होतं, ते फक्त मला कळत होतं. माझ्या बोटांना आधी लागली नखं. खड्डे पडलेली, जाड. मग तळवा: भेगा, कडा, कोरडे पापुद्रे. मनगटाच्या आत सदऱ्याच्या बाहीखाली तेच चट्टे वर वर गेलेले. माझ्या हातापेक्षा कितीतरी वाईट आणि कितीतरी जुनं. बोटांनी भाव वाचायची माझी सवय. ते सगळं मी एका दमात वाचलं.

आटलेल्या म्हशीच्या मालकाकडून दूध कोण विकत घेईल? मी व्यापारी आहे, मला मोजे तिथल्या तिथे कळले.

मी भाव द्यायला बोट दाबलं. डॉक्टरांना बोटांची भाषा कुठली यायला! त्यांनी माझा पंजाच धरून ठेवला. आमच्या भाषेत त्याचा भाव असा झाला की त्यात गंगीचं शेपूटसुद्धा आलं नसतं. मी रागाने बोट ओढलं, दुसरं दाबलं. ते पंजा सोडेनात.

"डॉक्टर, हितक्यात न्हाय परवडत!" मी तोंडाने ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"घासाघीस नको," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "जरा थांबा. लगेच सोडू नका."

सौदा ठरला की हात सोडायचा असतो. मी टॉवेल तसाच राहू दिला. बाजार बघत होता, बघू दे म्हटलं.

नंतर शिवाप्पाने हात घातला, मग दुसऱ्याने. संध्याकाळपर्यंत माझी दावण रिकामी झाली. दगडू तेवढ्यात म्हणालाच, "डॉक्टरनं घातला मंजे लागट नसणारच की. मी काय म्हनत हुतो!"

गंगी अर्थात माझ्याच गोठ्यात राहिली. मालक ते, शेण मी काढायचो. तिच्यासारख्या म्हशीला मिळालेला तो भाव माझ्या छातीत अजून सलतो. डॉक्टर आता नाहीत, म्हणून हे सांगतोय. ते होते तोवर शांतालासुद्धा बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंब्यावर गेलो. डॉक्टर त्यांच्या दगडावर पाठमोरे बसले होते. मी लांबून हाक मारली. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तिथे थोडा घुटमळला आणि रिकामाच परत आला.

"भाव वाढवून द्या," मी जवळ जाऊन म्हटलं. "म्हैस फुकटात नेलीसा."

"खाली बसा आधी. ऊन वर चढतंय."

ते दगडावर सरकले. मी खोबरेलाची बाटली काढली, आधी त्यांच्या तळव्यावर ओतली, मग माझ्या. चारी हात उन्हात पालथे टाकून आम्ही बसलो.