विष्णूचं कपाट

आमच्या शेजारचा विष्णू रोज संध्याकाळी लोखंडी कपाटाला गिटार टेकवून वाजवत उभा राहतो. तेही काळं चामड्याचं जाकीट घालून. माजलगावात, मे महिन्यात! घामानं नुसता निथळतो, पण गडी चेन काही खाली करत नाही.

आमची भिंतीला भिंत, अन् त्याचं कपाट त्याच भिंतीला. मी एसटीत कंडक्टर, त्याचं झेरॉक्सचं दुकान. पण झेरॉक्सवाला म्हटलं की बिनसलंच. "मी पंक बेसिस्ट हाय," म्हणतो. पुण्याला शिकताना चौघांनी 'उकिरडा' नावाचा बँड काढला होता. बापानं कपाळावर हात मारला, "घरचा काय कमी होता, म्हून तिकडं दुसरा केलास?"

"पंक म्हंजे काय बे?" मी एकदा विचारलं.

"सगळ्या जगाला तालात शिव्या घालायच्या दादा, अन् घाम पुसायचा."

पुढं चौघं पांगले, स्पीकरही त्यातच कुठं गेला. त्या जाड तारांच्या बेस गिटारीला स्पीकरबिगर आवाज नाही. कपाटाला टेकवली की पत्रा घुमतो, तेवढाच. नवा स्पीकर घे म्हटलं तर म्हणतो, "बेस एकट्यानं वाजवायचा नसतो. भाकरीबिगर नुसतं वरण प्यावं तसं लागतं."

वाजवून झालं की ओट्यावर येऊन विचारायचा, "दादा, तुमच्याकडं ऐकू आलं का?"

"छे! काईच न्हाई. बिनघोर वाजव."

तो मान खाली घालून आत जायचा. मला वाटायचं, काय भिडस्त पोरगं आहे! खरं तर आमच्या मांडणीतली ताटं थडथड वाजायची. बायकोनं त्यात फडकं कोंबलं होतं.

परवा बघतो तर हा एकटाच कपाट ओढतोय.

"कुठं नेतो बे?"

"पलीकडच्या भिंतीला. इकडं काई पोचतच न्हाई म्हणता."

"अरे येड्या, तिकडं मोकळा प्लॉट हाय!"

"ठाव हाय. तिकडं कुणी न्हाईच, म्हून ऐकत न्हाई. इकडं माणसं असून पोचत न्हाई, ते लई लागतं दादा."

मी कपाटाला हात लावून त्याला थांबवलं. म्हटलं, "येतं रे बाबा, रोज ऐकू येतं. आमची ताटं नाचतात."

"मंग खोटं कावून बोललात?"

"ऐकू येतं म्हटलं तर तू बंद करशील म्हून."

तो जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. चामड्यानं कुठं पाणी टिपतंय! मग दोघांनी मिळून कपाट परत आमच्या भिंतीला लावलं.

संध्याकाळी बायकोनं फडकं काढलं. विष्णूनं सुरू केलं, ताटं वाजायला लागली, आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, मीही भिंतीवर थापा मारल्या. पलीकडं गिटार एकदम थांबली. वाटलं, चुकलंच आपलं.

तेवढ्यात विष्णूची हाक आली, "दादा, अर्धा ठोका मागं राहिलात! पुन्यांदा घ्या, पहिल्यापासून!"