हौसाकाकूंचं इन्स्पेक्शन

मोशीच्या सोसायटीत मी राहायला गेले, त्या पहिल्याच दिवशी हौसाकाकूंनी मला माझ्याच घराबाहेर काढलं. सामान अजून जिन्यात होतं. पाचवारी साडी आणि पायात धावायचे बूट अशा वेषातली एक बाई आत शिरली, मला बाहेर उभं करून तिनं आतून कडी लावली आणि ओरडली, "आता दार ढकल! जोर लाव!"

मी ढकललं. चौथ्या धक्क्याला आत काहीतरी टणकन पडलं आणि दार उघडलं. काकूंच्या तळहातावर कडीचा स्क्रू होता.

"रिजेक्ट," त्या म्हणाल्या. मग घरी जाऊन स्क्रूड्रायव्हर आणि बोटभर लांबीचे स्क्रू घेऊन आल्या, कडी नव्यानं बसवली, स्वतः बाहेरून दहा धक्के मारले आणि समाधान झाल्यावर पहिल्यांदा विचारलं, "नाव काय गं तुजं?"

काकू इथल्याच. एकेकाळी त्यांच्या सासरची शेती होती तिथं आता आमच्या बिल्डिंगी आहेत. पण त्यांचा जन्म गेला चाकणच्या एका कारखान्यात, रबराचे सुटे भाग तपासण्यात. निवृत्त झाल्या तरी तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याची गवार, लिफ्टचं बटण, कुणाच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, सगळं त्यांच्या नजरेखालून 'ओके' किंवा 'रिजेक्ट' होऊनच पुढे जातं.

आणि वर्षातून दोनदा त्या एकट्या फिरायला जातात. कुणी "सोबत कोण?" असं विचारलं की म्हणतात, "माजे दोन पाय."

सोसायटीतल्या बायकांना त्यांनी एकटीनं प्रवास करायचं शिक्षण द्यायला घेतलं, तेव्हा मी नुकतीच राहायला आलेली. पहिला धडा पार्किंगमध्ये. आम्ही सातजणी. विषय: चालणं.

"रस्ता म्हाईत नसला तरी म्हाईत असल्यावानी चालायचं," काकू म्हणाल्या. "घरी ग्यासवर कुकर ठिवून आल्यासारखं! हां, आता चला."

आम्ही गाड्यांमधून कुकर ठेवून आल्यासारख्या चाललो. सोसायटीचे चेअरमन घाबरून खाली आले आणि विचारू लागले, कुठे आग लागली का? काकूंनी आमच्याकडे अभिमानानं बघितलं. "बगा! बाप्यामाणूस आपसूक बाजूला झाला का न्हाई?"

दुसरा धडा खोटं बोलण्याचा. "एकट्याच का, असं कुनी इचारलं तर बारकं खोटं बोलू नका. बारकं खोटं लगेच कळतं. दणक्यात सांगायचं, आमचे हे फौजदार हायेत, पुढं उभे हायेत." काकूंचे यजमान एका वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण काकूंच्या प्रवासात त्यांची बढती चालूच आहे. नाशिकला ते फौजदार होते, उज्जैनला इन्स्पेक्टर झाले आणि गेल्या हिवाळ्यात हैदराबादच्या रिक्षावाल्याला कळलं, की ते कमिशनर आहेत. "त्यानं मीटरनंच आनलं," काकू म्हणाल्या.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. हिंजवडीला नोकरी, कंपनीच्या कॅबनं जायचं, कॅबनं यायचं. चौतिसाव्या वर्षापर्यंत मी एकटीनं लोणावळासुद्धा पाहिलेलं नव्हतं. मग आम्ही तीन मैत्रिणींनी विजापूरचा बेत ठरवला आणि निघायच्या तीन दिवस आधी एकीच्या मुलाला ताप आला, दुसरीच्या सासूकडे पाहुणे आले. आईनं लातूरहून फोनवर निकाल दिला, "रद्द कर. एकटी कुठं जातेस?" मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

जिन्यात काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तू काय पार्सल हायेस व्हय, दुसऱ्या कुनीतरी न्यायला?"

ते वाक्य मला फार लागलं. संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली.

बॅगेचं इन्स्पेक्शन करायला काकू हजर. माझी चाकांची मोठी बॅग, एक पिशवी आणि खाऊची दुसरी पिशवी बघून त्यांनी मान हलवली. "सगळं उचल आनि बाथरूममदी जा." मला आत शिरता येईना. "बग! एकटी असल्यावर सामान कुनाच्या भरवशावर सोडनार? जे घिऊन बाथरूमला जाता येत न्हाई, ते सगळं रिजेक्ट." शेवटी पाठीवरची एकच सॅक उरली. त्यात काकूंनी स्वतः कापून केलेली रबराची पाचर टाकली, दाराखाली आतून सारायची. फोन बंद पडला तर म्हणून चार नंबर कागदावर लिहून घ्यायला लावले. "उजेडात पोच. कंडक्टरच्या जवळची सीट धर. खोली घ्यायची ती दुसऱ्या मजल्यावर, आनि हाटेलवाल्याला म्हनावं, खोलीचा नंबर मोठ्यानं सांगू नका."

विजापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार होती. एक गृहस्थ बाजूनं चालू लागला. "मॅडम, एकट्याच का? चांगलं हॉटेल दाखवतो."

"नाही," माझ्या तोंडून निघालं. "आमचे हे फौजदार आहेत. पुढं उभे आहेत."

माझं लग्न झालेलं नाही. गृहस्थानं विचारलं, "कुठल्या स्टेशनला?"

"चाकण!" मी म्हणाले आणि कुकर ठेवून आल्यासारखी अशी काही चालले, की हॉटेलच मागे पडलं. परत वळून यावं लागलं.

हॉटेलवाल्यानं तळमजल्यावरची खोली दाखवली. मी कडी लावली, आतून हिसका दिला, कडी हातात आली. "रिजेक्ट," मी म्हणाले. तो माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. मग निमूटपणे दुसऱ्या मजल्याची किल्ली काढली. सॅक टाकून मी पलंगावर बसले आणि एकटीच मोठ्यानं हसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या आनंदात गोल घुमटावर गेले, सज्जात बसले, उतरून बाहेरच्या हिरवळीवर बसले. पोचल्याचं आईला बसमधूनच कळवलं होतं. काकूंना कळवायचं राहून गेलं. फोन पाठीवरच्या सॅकच्या तळाशी. बाहेर काढला तेव्हा काकूंचे चौदा मिस्ड कॉल.

लावला. मला वाटलं, आता खैर नाही. पण पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "पोचलीस व्हय? बरं झालं." आणि फोन बंद.

परतल्यावर बेदाण्यांची पिशवी घेऊन मी माफी मागायला गेले. काकू म्हणाल्या, "तुजी चूक न्हाई. तुला सांगितलंच न्हवतं मी. म्या पन पैल्यांदा तिथंच गेलते."

त्या गॅलरीत बसल्या. बेदाणे निवडता निवडता सांगू लागल्या. "आमचे हे गेले, त्याला वरीस झालं हुतं. पोरबाळ न्हाई. घरात बसून भिंती बगायचा वीट आला. दीर-जावांनी सोडलं नसतं, म्हून न सांगता निगाले. पोचले, लॉजवर खोली घेतली. फोन काडला कळवायला. आनि मंग ध्यानात आलं, कळवनार कुनाला?"

मीही त्यांच्यासोबत बेदाणे निवडू लागले.

"लई वेळ नंबर बगत बसले. शेवटाला कंपनीच्या गेटवर लावला. गेटवर कायम कुनीतरी असतं, येवडं ठावं हुतं. वॉचमननं उचलला. म्हनलं, मी इन्स्पेक्शनची हौसाबाई, विजापूरला पोचले. त्याला काय कळंना. मंग म्हनला, बरं झालं ताई. जेवला का?" काकूंनी एक बेदाणा उजेडात धरून पाहिला. "तेवड्यावर मी त्या खोलीत बसून रडले, पोरी. मंग खाली जाऊन दोन भाकरी खाल्ल्या."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आमच्या खालच्या मजल्यावरची रेखा, सकाळी एकटीच कोल्हापूरला निघालेली. मेसेज एका शब्दाचा होता, 'पोचले.'

काकूंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं: जेवलीस का?