लाल बुडबुडे

गोरक्षने पहिली बंदूक हवेच्या नळीला जोडली आणि ती फुसफुसू लागली. दुसरी जोडली, तीही फुसफुसली. तिसरीचा आवाज तर बाजेवर बसलेल्या बबनरावांपर्यंत गेला.

"पंक्चरच्या दुकानात बसल्यावानी वाटतंय," ते म्हणाले.

निघोज्याच्या आपल्या शेतात गोरक्षने जुने टायर आणि पिंपं मांडून पेंटबॉलचं मैदान केलं होतं. रंगाच्या गोळ्या झाडायच्या, अंगावर रंग फुटला की गडी बाद. बबनरावांना ती जमीन गोदामाला भाड्याने द्यायची होती. शेवटी बापलेकांचं ठरलं, की आजची पहिली पार्टी नीट खेळून गेली तर मैदान राहील, नाहीतर संध्याकाळी गोदामवाल्याला होकार. पार्टी चाकणच्या एका कंपनीतली होती आणि गाड्या निघाल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता.

"काल तर एकपण गळत नव्हती," गोरक्ष बायकोला म्हणाला. "पुनम, मोठा पाना आण."

त्याने जोर लावून बंदूक आणि नळीचा सांधा आवळला. आतली रबरी रिंग टचकन तुटली आणि फुसफुशीची शिट्टी झाली. मग त्याने नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेप गुंडाळली. शिट्टी दोन बाजूंनी वाजू लागली.

"सूर लागला आता," बबनराव म्हणाले. "गोदामवाल्याला फोन करू का चहा घिऊन करू?"

"दादा, जरा गप बसा हो!"

"मी गपच हाय. तुझ्या बंदुकाच बोलत्यात."

"अहो, नुसतं आवळताय काय?" पुनम म्हणाली. "गळतंय कुठं ते तरी बघा." तिने धुण्याच्या साबणाचं पाणी आणून सांध्यावर ओतलं. लगेच बुडबुडे आले, पण ते लालभडक होते.

गोरक्ष दोन पावलं मागे सरला. "रंगाची गोळी आत फुटली की काय?"

पुनमने बोट लावून पाहिलं. "कसली गोळी? ही हळद आहे. साबण लागला की लाल होते."

दोघांनी एकदमच घराकडे पाहिलं. उंबऱ्यात तानाबाई रिकामं ताम्हण घेऊन उभ्या होत्या.

"आई, बंदुकांची पूजा केलीस?"

"मग? हत्यारं हायती ती. पूजा न करता लोकांच्या हातात द्यायची व्हय?"

"पण आतपर्यंत?"

"तोंड उघडंच होतं की. म्हनलं, देवाचं आतपातूर जाऊ दे."

तोंड उघडं होतं, कारण सांध्यांची टोपणं रात्री गोरक्षनेच धुऊन वाळत टाकली होती. त्याने हवा बंद केली, नळीत उरलेली सोडून दिली आणि सांधा उघडला. रिंगेच्या खाचेत कुंकवाने माखलेला अख्खा तांदूळ ऐटीत बसला होता. दुसऱ्या बंदुकीत तसाच. तिसरीत तर दोन, शेजारी शेजारी.

मग पुनमने दात घासायच्या ब्रशने खाचा साफ केल्या, गोरक्षने नव्या रिंगा बसवल्या आणि पाना लांब ठेवून सांधे नुसत्या हाताने फिरवले. तानाबाई एकेका तोंडाला टोपण लावत होत्या आणि पुटपुटत होत्या, "देवा, आत ऱ्हायला आसशील तर तिथंच ऱ्हा, पर हलू नगं."

फाटकाशी हॉर्न वाजला. गोरक्षने टोपणं काढून नळ्या जोडल्या आणि हवा हळूहळू सोडली. कान लावला. कसलाच आवाज नव्हता. सगळ्या बंदुका गप.

आणि तेवढ्यात मागून लांबलचक फुस्स झालं.

गोरक्ष गर्रकन वळला. "आता कुठली राहिली?"

बाजेवर बबनराव छातीवर हात ठेवून बसले होते. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास त्यांनी आत्ता कुठे सोडला होता.

"माज्याकडं काय बघतोयस?" ते खेकसले. "फाटक उघड. आन त्या गोदामवाल्याचा नंबर पुसून टाक माज्या फोनमधला. मला जमत न्हाई ते."