शूर म्हणायचं नाही

प्रिय आर्या आणि नील,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी तुमच्या शाळेत मुलं कागदाची फुलं करतात आणि गप्प उभी राहतात. "आजी, तुमच्याकडे काय करतात?" असंही विचारलंत. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

आमच्याकडे, निदान माझ्या शेजारणीच्या चौथीच्या वर्गात, 'शूर' म्हणायला बंदी आहे.

ही शेजारीण म्हणजे तुमची कुंदामावशी. संत तुकाराम नगरात आमच्या समोरच राहते. दर वर्षी तिचा वर्ग चाकणच्या आसपासच्या एखाद्या गावातला शहीद जवान निवडतो आणि त्याच्या घरच्यांना, मित्रांना भेटून माहिती गोळा करतो. कोणी "ते फार शूर होते" म्हणालं, की कुंदा हात वर करते. "ते झालं सगळ्यांचं. ह्याचं सांग." मग तो जवान लहानपणी काय चोरून खायचा, कोणाला चिडवायचा, झोपेत बडबडायचा का, हे मुलांनी शोधून आणायचं. बंदुकीचं चित्र काढलं तर परत मिळतं. सायकलचं चित्र चालतं, पण सायकल त्याचीच हवी.

ही खोड शाळेपुरती असती तर ठीक होतं. तुमचे आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेले सगळे "देवमाणूस होते" म्हणून चहा घेऊन गेले. ही बया शेजारी बसून विचारते, "काकू, काका घोरायचे का हो?" मला आधी राग आला. मग मी बराच वेळ तिला त्या घोरण्याबद्दल सांगत बसले.

मी आठवड्यातून एकदा तिच्या मुलांना इंग्रजी गोष्टी सांगायला जाते, त्यामुळे जवानाची माहिती सगळ्या शाळेपुढे सांगायचा यंदाचा कार्यक्रम समोरून पाहिला. व्यासपीठावर जवानाची आई बसली होती, शेजारी मुख्याध्यापक. सरांना तडफदार भाषणं हवी होती. लातूरहून आलेल्या कुटुंबातला गणेश उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "त्यांना कारलं आवडत नव्हतं. ते भाजी खिशात लपवून शाळेत आणायचे आणि फेकायचे."

मुख्याध्यापक खोकले. कुंदाचा चेहरा उतरला. त्या बाईंना लागलं असतं, तर हा उपक्रम तिथंच संपणार होता. तसं सरांनी तिला आधीच बजावलं होतं.

ती माउली पुढे झुकली. "खिशात न्हाई रं बाळा, दप्तरात! समद्या वह्यांला वास मारायचा. लई मार खाल्ला त्यापायी." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग सगळी शाळा हसली. त्यानंतर त्या थांबेचनात. मुलाचे एकेक उद्योग सांगत राहिल्या.

मुख्याध्यापकांनाही उत्साह आला. आभार मानताना ते म्हणाले, "आपल्या कुंदाबाईसुद्धा शहिदाच्या कन्या आहेत!"

लगेच पुढच्या रांगेतली शर्वरी ओरडली, "बाई, मग तुमच्या वडिलांचं सांगा ना!"

कुंदा उभी राहिली. ओढणी सारखी केली. "ते... ते फार शूर होते."

"बाई, ते झालं सगळ्यांचं!"

ती खाली बसली. मुलांना वाटलं, बाई गंमत करतायत.

घरी येताना जिन्यात मला म्हणाली, "मी पाळण्यात होते, काकू. आई मला घेऊन मामाकडे पिंपरीला आली, सासरचं येणंजाणं तुटलं. तिला विचारलं की म्हणायची, चांगले होते, आणि डोळे पुसायची. मग मी विचारणं सोडलं."

"अगं, त्यांचं गाव खेडच्या पुढंच ना? जाऊन यायचंस."

"तिथंही शूर होते एवढंच म्हणाले तर?"

मुलांना मात्र असली भीती नव्हती. शर्वरीचे वडील कंपनीची बस चालवतात आणि त्या भागातून कामगार आणतात. तिनं माझ्याकडून गावाचं नाव काढून घेतलं आणि त्यांच्यामागे लकडा लावला. त्यांनी सुट्टीच्या दिवशी त्या गावात जाऊन कुंदाच्या वडिलांच्या वर्गातले एक म्हातारे शोधले आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर आणलं. वर्गात ते लावलं तेव्हा मी तिथंच होते.

"व्हय, माझ्याच बाकावर बसायचा. त्यो? कुत्र्याला लई भ्यायचा! वाटंत कुत्रं दिसलं की मला म्होरं करायचा अन् माझा सदरा धरून मागनं यायचा. फौजेत गेला तवा आमी म्हणलो, आता तिथं तुझ्याम्होरं कोण चालणार?"

मुलं खिदळली. कुंदाही हसली, हसता हसता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "परत लाव गं."

मुलांनो, कुंदाला तिच्या वडिलांचा आवाज आठवत नाही. त्यांची पत्रं नाहीत, कपडे नाहीत. गणवेशातला एक फोटो आहे. आणि त्यांना कुत्र्याची भीती वाटायची, हे आता चौथीच्या सगळ्या वर्गाला माहीत आहे.

तुमची,
आजी