नावावरची पट्टी

रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर इतिहासाच्या बाईंनी जेवणाचे टेबल पुसले, त्यावर शाळेने दिलेला लॅपटॉप ठेवला आणि पडद्याच्या वरच्या कडेला दोन बोटे रुंदीची कागदी पट्टी चिकटवली. समोर शब्दकोडे सोडवत बसलेल्या यजमानांनी चष्म्यावरून पाहिले.

“हे काय आता?”

“नाव झाकलं,” बाई म्हणाल्या. “नाव दिसलं की हात सैल होतो.”

यात नवे काहीच नव्हते. गेली सत्तावीस वर्षे बाई कुठलाही पेपर तपासायला घेतला की आधी त्याच्या माथ्यावर पट्टी ठेवत. पोर हुशार आहे की उनाड, डॉक्टरचे आहे की शाळेच्या शिपायाचे, हे गुण मांडून होईपर्यंत त्या स्वतःलाही कळू देत नसत. या पट्टीपायी एकदा त्यांच्या हातून सख्खा भाचा नापास झाला आणि पुढची पाच वर्षे नणंदेने घरात पाऊल टाकले नाही. ती पाच वर्षे बाई पट्टीच्या जमेच्या बाजूला धरत. मुले त्यांना पाठीमागे ‘लालपेन’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांना ते पदवीसारखे वाटे.

महिन्यापूर्वी मात्र लाल पेनाचे दिवस भरले. मुख्याध्यापक कुठल्याशा परिषदेहून एक बॅग, एक पाण्याची बाटली आणि ‘डिजिटल शिक्षक’ हा शब्द घेऊन परतले. शाळेत त्यांना धाकटे सर म्हणत, कारण शाळा काढणारे आणि आता संस्थेचे अध्यक्ष असलेले थोरले सर हे त्यांचे वडील. धाकट्या सरांनी परिपत्रक काढले की प्रत्येक शिक्षकाने ‘डिजिटल शिक्षक’ प्रमाणपत्र मिळवावे. ज्याला मिळणार नाही, त्याला पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग मिळणार नाही.

बाईंकडे दहावी बावीस वर्षे होती. ती गेली तर त्यांच्या वाट्याला ग्रंथालय येणार होते, आणि ग्रंथालय म्हणजे तीन कपाटे, त्यातल्या दोन कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या.

प्रमाणपत्राच्या अर्जावर तीन चौकटी होत्या. पहिली, शिक्षकाने विद्यार्थ्याचे लेखन ऑनलाइन तपासले. दुसरी, विद्यार्थ्याने त्याप्रमाणे दुरुस्ती केली. तिसरी, पालकाने त्याच कागदावर शब्दांत पोच दिली. पहिल्या दोन चौकटी कुणालाही जमण्यासारख्या होत्या. तिसरीपाशी सगळ्यांचे घोडे अडले होते. बाईंनी एक्केचाळीस पालकांना निरोप धाडले, त्याची फलश्रुती त्यांनी मुख्याध्यापकांना कळवली ती अशी: एकाने फुलाचे चित्र पाठवले, एकीने ‘आपण कोण’ असे विचारले, उरलेल्या एकोणचाळीस घरांत सामसूम. तेवीस शिक्षकांपैकी आतापर्यंत चौघांनाच प्रमाणपत्र मिळाले होते. त्यात एक संगणकाच्या मॅडम होत्या आणि एक खेळाचे सर, ज्यांच्या विद्यार्थ्याचे लेखन म्हणजे लांब उडीचा व्हिडिओ होता. मुदत सोमवारपर्यंत होती.

म्हणून या रविवारी बाई शेवटचा जोर लावायला बसल्या होत्या. दहावीच्या मुलांना त्यांनी ‘आपल्या शाळेचे एक वर्ष, पुराव्यांसह’ असे लेखन दिले होते. शनिवारपर्यंत चाळीस जणांचे आले. शेवटच्या बाकावरच्या उंच मुलाचे तेवढे राहिले होते. पण आता उघडून बघतात तो यादीत एक्केचाळीस कागद. पोराला उशिरा का होईना बुद्धी झाली, असे म्हणून बाईंनी तपासायला सुरुवात केली.

चाळीस लेख दोन तासांत उरकले. एक्केचाळिसावा उघडला आणि दुसऱ्याच ओळीला बाईंनी मान हलवली. ‘आमच्या शाळेतील शंभर टक्के शिक्षक डिजिटल झाले आहेत.’ बाजूला शेरा लिहायची सोय होती. ती शिकायला बाईंना तीन आठवडे लागले होते, आणि आता हात बसला होता. त्यांनी लिहिले, ‘खोटे. मोजलेस का? तेवीसपैकी चार.’

पुढे होते, ‘तीस संगणकांची सुसज्ज प्रयोगशाळा दिवसभर गजबजलेली असते.’ बाईंनी लिहिले, ‘अकरा चालतात. एकात मुंग्यांचे वारूळ आहे, गजबज त्यांचीच असावी.’

‘विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर ज्ञानाचा आनंद ओसंडून वाहतो.’ ‘कोणत्या? नावे लिही.’

‘मुख्याध्यापकांच्या दूरदृष्टीमुळे हे शक्य झाले.’  खुशामत बाईंना कॉपीपेक्षा वाईट वाटे. ‘ही चापलुसी आहे. इतिहासात भाटांना गुण नसतात.’

चौथ्या परिच्छेदाला मात्र त्यांच्या नाकाला ओळखीचा वास आला. “अहो, हे मी आधी वाचलंय,” त्या म्हणाल्या.

“सगळी पोरं एकमेकांचं उतरवतात,” यजमान कोड्यातून मान वर न करता म्हणाले.

बाईंनी लिहिले, ‘हा परिच्छेद उतरवलेला आहे. कोठून, ते स्वतःहून सांगितल्यास शिक्षा कमी.’ मग सगळ्यांच्या शेवटी, दहापैकी तीन गुण मांडून, त्यांनी आपला ठेवणीतला समारोप केला: ‘मूल बुद्धीने कमी नाही, पण कष्ट टाळण्याकडे कल आहे. घरातून लक्ष दिले गेलेले नाही. पालकांनी वाचून पोच द्यावी.’

एवढे करून त्या चहा ठेवायला उठल्या. चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. धाकटे सर होते.

“बाई, घरीच आहात ना?”

“हो सर. दहावीचं तपासतेय.”

“माझं तपासताय.”

बाईंना आधी अर्थ लागेना. सरांनी एक एक शब्द सुटा करून सांगितले की ते सोमवारच्या सभेसाठी केलेला शाळेचा वार्षिक अहवाल आहे. तो त्यांनी दुपारीच सर्व शिक्षकांना आणि संस्थेच्या बाराही सभासदांना पाठवला होता, त्यामुळे बाईंच्या यादीत तोही येऊन बसला होता. आणि बाई शेरा लिहितात तसतसा तो सगळ्यांच्या फोनवर टिंग करून पोचतोय. बाईंनी गॅस बंद केला, टेबलापाशी आल्या आणि पट्टी सोडवली. खाली धाकट्या सरांचे पूर्ण नाव होते, पदव्यांसकट. त्याशेजारी रंगीत गोल टिकल्यांची रांग होती. ही वाचणाऱ्यांची हजेरी. बाईंनी मोजली. एकोणीस.

सरांनी हा कागद कुणी नुसता वाचायचा आणि कुणी त्यावर लिहायचे, याची परवानगी निवडून द्यायची होती. कुठली द्यावी हे न कळल्यामुळे त्यांनी सगळ्या दिल्या होत्या. पण ही चर्चा करायची ती वेळ नव्हती. “काढून टाका,” एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे तारेने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या सर्व वस्तूंवर त्यांचे मत असे. ते उठून मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की यात घाबरण्यासारखे काही नाही, एक एक शेरा पुसत जायचे. बाई पुसत गेल्या. प्रत्येक शेरा पुसला की पुन्हा सगळ्यांना टिंग जाई: ‘पुढील शेरा काढून टाकण्यात आला आहे’, आणि खाली तो शेरा, अख्खा. ज्यांची दुपारची झोप पहिल्या फेरीत मोडली नव्हती त्यांची आता मोडली. टिकल्या सव्वीस झाल्या. गणिताच्या सरांनी बाईंना खासगीत कळवले की मुंग्यांचे संगणक एक नसून दोन आहेत, नोंद असावी.

मग बाईंनी संगणकाच्या मॅडमना फोन लावला.

“कशालाही हात लावू नका बाई,” मॅडम म्हणाल्या. “आता जे झालं ते झालं. तो कागद मूळ रूपात न्यायचा. वर बघा, जुन्या आवृत्त्या लिहिलंय. त्यात सगळ्यात जुनी, सगळ्यात खालची. ती दाबा. म्हणजे तुम्ही काही केलंच नव्हतं असं होईल.”

बाईंना हे वाक्य फार आवडले. त्यांनी सगळ्यात खालची आवृत्ती दाबली.

आता झाले होते असे की धाकट्या सरांनी यंदाचा अहवाल कोऱ्या कागदावर लिहिलेलाच नव्हता. त्यांनी गेल्या वर्षीची फाइल उघडून तीत वर्ष बदलले होते, दोन ठिकाणी ‘प्रगत’ काढून ‘डिजिटल’ घातले होते आणि वीस संगणकांचे तीस केले होते. त्यामुळे कागद जो मूळ रूपात गेला तो थेट गेल्या वर्षात. चौथा परिच्छेद तसाच्या तसा, शंभर टक्के तेही तसेच. फक्त मथळ्यावर गेले साल. सव्वीस जणांच्या डोळ्यांदेखत.

“बघा,” बाईंच्या तोंडून गेले, “म्हटलं नव्हतं मी, उतरवलेलं आहे म्हणून?” आणि मग त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला.

फोन वाजला नाही. तो वाजला असता तर बरे, असे दोघांनाही वाटले. हळूहळू टिकल्या विझू लागल्या. लोक चहाला गेले असावेत, किंवा उद्याच्या सभेसाठी चेहरा ठरवायला. चार राहिल्या, दोन राहिल्या, शेवटी एकच राहिली. बाईंनी त्या टिकलीवर बाण नेला. कागद उघडणाऱ्याने आपले नाव दिले नसेल तर ती यंत्रणा त्याला आपल्या पदरचे एखाद्या प्राण्याचे नाव देई. इथे लिहिले होते, ‘अनोळखी कासव’.

“हे कोण?” बाईंनी विचारले.

“चुकून उघडं राहिलं असेल कुणाचं,” यजमान म्हणाले. “लोक पंखे चालू ठेवून बाहेर जातात.”

पण कासव बाहेर गेलेले नव्हते. बाई बघत असतानाच कागदाच्या तळाशी एक अक्षर उमटले. बऱ्याच वेळाने दुसरे. एका बोटाने, शोधून शोधून, कुणीतरी लिहीत होते. यजमानांनी खुर्ची ओढून घेतली. चहा भांड्यात थंड झाला. पंधरा मिनिटांनी मजकूर पुरा झाला तो असा: ‘बाई, सर्व शेरे वाचले. पट्टीची आपली पद्धत मला ठाऊक आहे, मीच ती तुम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवली होती. शाळा वाढवताना घरात लक्ष देणे राहिले, हे मान्य. उद्यापर्यंत पुन्हा लिहून घेतो. आपला, पालक.’

बाईंनी ते तीनदा वाचले. यजमान म्हणाले, आता ग्रंथालय तरी देतील का, की तेही नाही.

सोमवारी सकाळी शिपाई बोलवायला येण्याआधीच बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. रात्री त्यांनी माफीचे चार शब्द जुळवले होते, पण दारातच त्या सगळे विसरल्या.

“सर, त्या दोन कपाटांच्या किल्ल्या शेवटच्या कुणाकडे होत्या, एवढं सांगून ठेवा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे शोधायला बरं.”

धाकट्या सरांनी बसायची खूण केली. त्यांच्या संगणकावर नवा अहवाल उघडा होता. पावणेदोन पाने. संगणक वीस, चालू अकरा, मुंग्या असलेले दोन. शिक्षक तेवीस, प्रमाणपत्र मिळालेले चार. पालकांशी ऑनलाइन संपर्क: एक फूल. चापलुसीचे वाक्य होते तिथे काहीच नव्हते, आणि त्यामुळे तो भाग सुटसुटीत दिसत होता.

“बाबांनी समोर बसवून लिहून घेतलं,” सर खिडकीकडे बघत म्हणाले. “प्रत्येक वाक्याला पुरावा मागत होते. सत्तेचाळीस वय आहे माझं, बाई.”

 “अक्षर सुधारतं त्याने,” बाई सवयीने म्हणाल्या.

सरांनी खणातून एक अर्ज काढला. बाईंचाच होता, महिनाभर पडून राहिलेला. त्यांनी पेन उघडले. ऑनलाइन तपासणी: बरोबरची खूण. विद्यार्थ्याने केलेली दुरुस्ती: सरांनी एकदा पडद्याकडे पाहिले आणि खूण केली. पालकाची शब्दांत पोच: इथे त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि खूण केली. नियम त्यांचेच होते, त्यांना पळवाट ठाऊक असती तर त्यांनी आधीच वापरली असती. बाईंच्या नावापुढे दहावी पुन्हा उभी राहिली.

पण खाली आणखी एक ओळ होती. ‘विद्यार्थ्याचे नाव’. आणि अर्जाची एक प्रत सभेपुढे जायची होती, एक शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लागायची होती. सरांचे पेन त्या ओळीवर येऊन थांबले. 

बाईंनी पर्स उघडली. कालची पट्टी त्यांनी नीट घडी करून आतल्या कप्प्यात ठेवली होती. तिच्या पाठीला अजून थोडा चिकटपणा शिल्लक होता. त्यांनी ती त्या ओळीवर बसवली आणि अंगठ्याने दाबली.

“नाव झाकलेलंच बरं, सर,” त्या म्हणाल्या. “पद्धतच आहे आपली.”

सरांनी सही केली. मग संगणकाकडे वळून अहवालातला ‘चार’ हा आकडा पुसून त्यांनी ‘पाच’ केला. शाळाभर तेवीस फोन वाजले, बाईंच्या पर्समधला धरून. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली हळूच उजळली. सरांनी बाण नेऊन ‘अनोळखी कासव’ वाचले, खुर्चीत ताठ झाले, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आवाज खाली आणून विचारले, “बाई, तुमच्याकडे अजून एखादी पट्टी आहे का?”