दोन काठांचं इंजिन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, हीच आमची गोटमार. ही श्रद्धेची बाब असल्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार होती जखमींच्या वाहतुकीविषयी. त्र्याऐंशी साली आमचे सावरगावचे जावई गुणवंतराव यांचं कपाळ फुटलं, तेव्हा त्यांना बैलगाडीतून पूल ओलांडून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बैलांची आदल्याच दिवशी पूजा झालेली. ते कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. नऊ टाके पडले. लेक जयश्री रडत म्हणाली, "आई, पुढल्या खेपेला डोळाच जाईन यांचा."

म्हणून दुसऱ्या वर्षी दोन्ही काठांनी मिळून संयुक्त रुग्णवाहिका समिती स्थापन केली. पहिल्या सभेत मी हळूच विचारलं, "दगडच कमी केले तं?" सगळे पोट धरून हसले. अध्यक्ष यशवंतराव तहसिलीतून निवृत्त झालेले. त्यांनी ते हसणं इतिवृत्तात नोंदवलं : 'एका भगिनीच्या सूचनेवर सखोल विचार झाला.'

लिलावातून एक जुनी मोटार आणली, तिच्यात दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवायचं ठरलं. मान मात्र समसमान हवा. तेव्हा इंजिन थंड ठेवणारे भाग, म्हणजे रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप, पांढुर्ण्याने द्यायचे. ठिणगी पाडणारे, म्हणजे कॉइल, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर, सावरगावने. आमच्याकडून मेकॅनिक आमचे हे, नत्थूजी. तिकडून प्रभाकर, जावईबापूंचा सख्खा थोरला भाऊ. घरचीच माणसं, म्हटलं, दोन दिवसांचं काम. माझे सोळा सोमवार चालूच होते. गाडीच्या नावाने एक मंगळवारही धरला.

यांनी रेडिएटर आणला तो ट्रकचा, कारण पांढुर्ण्याची चीज लहान असून कसं चालेल? त्यामुळे पंखा मागे आला. प्रभाकरने डिस्ट्रिब्युटर अगदी पुढे आणून बसवला, कारण बॉनेट उघडताच सावरगाव दिसलं पाहिजे. पंख्याचं पातं डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला घासू लागलं. अडचण होती अर्ध्या इंचाची.

"मामाजी, पंखा जरासा पुढं घ्या ना," प्रभाकर भावाच्या सासऱ्यांना म्हणाला.

"मी कायले घेऊ? तूच घे आपलं डबडं मांगं."

"डबडं म्हनू नोका. सावरगावचं आहे ते."

"म्हनूनच तं म्हनून राहिलो!"

प्रकरण समितीकडे गेलं. यशवंतरावांनी फूटपट्टी मागवून अर्धा इंच साक्षीदारांसमक्ष मोजला. मग निर्णय दिला की सरकणं म्हणजे माघार, आणि माघारीची तरतूद समितीच्या नियमावलीत नाही. सबब, पांढुर्ण्याच्या हद्दीत गाडीला फक्त थंड ठेवणारे भाग राहतील, सावरगावच्या हद्दीत फक्त ठिणगीचे. पुलावर अदलाबदल होईल.

"पन भाऊजी, मंग आपल्या काठावर गाडी सुरू कशी होईन?" मी विचारलं.

"सुरू होणार नाही, वहिनी. पण गरमही होणार नाही. ढकलायला चाळीस स्वयंसेवक आहेत ना."

"आन् तिकडे?"

"तिकडे सुरू होईल आणि उकळेल. तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे."

गाडीची चाचणीही झाली. अहवालात लिहिलं होतं : 'पांढुर्ण्याच्या बाजूस इंजिनाचे तापमान अत्यंत समाधानकारक.'

गोटमारीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दगड बसला तो गुणवंतरावांच्या भुवईवर. प्रभाकरने भावाला गाडीत घातलं आणि पुलापर्यंत आणलं, तोवर बॉनेटमधून वाफ निघू लागली होती. नियमाप्रमाणे हे रेडिएटर-पंखा घेऊन पुलावर उभेच होते. प्रभाकरने नियमाप्रमाणे डिस्ट्रिब्युटर काढायला हात घातला. आत जयश्री नवऱ्याचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. ती ओरडली, "बाबा, पाहून काय राहिले? दोनही बसवा! डोळा चालला यांचा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामाजी, मीच मांगं घेतो."

"राहू दे बावा, मी घेतो पुढं."

दोघांनीही घेतलं. अर्ध्याच्या जागी पुरा इंच मोकळा झाला, आणि इंजिन असं सुरू झालं, जणू कारखान्यातून तसंच आलं असावं. स्वयंसेवक ढकलायच्या तयारीत होते, ते तोंडावर पडले. त्यातल्या दोघांना त्याच गाडीत घ्यावं लागलं. पाच मिनिटांत दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर डोळा गेला असता.

तिसऱ्या दिवशी समितीची तातडीची सभा भरली. विनापरवाना माघार घेतल्याबद्दल दोन्ही मेकॅनिकना कारणे दाखवा नोटीस निघाली. गाडी विनातक्रार चालल्यामुळे वादग्रस्त ठरवून तिला टाळं लागलं. सावरगावच्या बाजूने प्रभाकरविरुद्ध जी तक्रार आली होती, 'आमच्या काठाने अर्धा इंच गमावला' अशी, तिच्यावर पहिली सही गुणवंतरावांची होती. एका डोळ्यावर पट्टी असूनही सही ओळीत होती.

तुम्ही म्हणाल, काय लोक आहेत! खरंच आहे. पण पुढल्या पोळ्याला बघायला येणार असाल, तर आठ दिवस आधी कळवा. आमची गच्ची नदीकडेच आहे, आणि पुढच्या रांगेतल्या चटया दरवर्षी बाहेरगावच्या सुज्ञ माणसांनीच भरून जातात.