एका काचेवर तीन डिटेक्टर

कानाच्या बाबतीत आमच्या ओहायोच्या तीन काउंट्यांत माझा हात धरणारा कोणी नाही! मी वेंडेल ग्रूबर. पियानो जुळवणं हा माझा धंदा. चर्चचा पियानो, शाळेचा पियानो, कुणाच्या मेलेल्या मावशीचा पियानो, एक पट्टी दाबली की कुठली तार रुसली आहे ते मी सांगतो. त्यामुळे रडार डिटेक्टर निवडायची वेळ आली तेव्हा मी बायकोला छाती फुगवून सांगितलं, "लव्हॉन, हे काम कानाचं आहे. म्हणजे माझं आहे!"

"काम पायाचं आहे," लव्हॉन म्हणाली. "पाय जरा वर घे. गाडी आपोआप हळू होते."

तिचंही चूक नव्हतं. दोन वर्षांत वेगापायी मला इतक्यांदा पकडलं होतं की दंडाची आणखी एक चिठ्ठी फाटली असती, तर माझं लायसन्स सहा महिन्यांसाठी कपाटात गेलं असतं. आणि पियानो काही चालत माझ्याकडे येत नाहीत! पण करणार काय, माझा स्वभावच चुळबुळ्या. रिकामा रस्ता दिसला की पाय आपोआप खाली जातो.

डिटेक्टर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. पुढच्या काचेला चिकटवायची. पोलिसांच्या रडारची लहर लांबून आली की ती बोंब मारते आणि आपण साळसूद होतो. आमच्याकडे हे कायद्यात बसतं. दुकानदार म्हणाला, तीस दिवस वापरा, नाही आवडलं तर परत करा. असं कोणी म्हटलं की माझ्यातला शास्त्रज्ञ जागा होतो. मी एकदम तीन घरी आणले!

"तीन?" लव्हॉनने कपाळाला हात लावला. "आपल्याला गाडी किती?"

"पारखून घ्यायचे आहेत. दोन परत जाणार."

आठवडाभर मी एकेकाची परीक्षा घेतली. पहिला भलताच भित्रा. औषधांच्या दुकानाचं दार आपोआप उघडलं तरी किंचाळायचा! दाराला लांबच्या माणसाची चाहूल लागायला रडारच असतं म्हणे. गावात चार दुकानं, म्हणजे दूध आणायला गेलो तरी माझा जीव चार वेळा जायचा. दुसरा थंड. पोलिसाची गाडी शेजारून निघून गेल्यावर सावकाश 'टुक' करायचा, सगळं आटोपल्यावर शेंगदाणे घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखा. तिसरा बाईच्या आवाजात बोलायचा. "सावधान! पुढे रडार!"

"ही बरी आहे," लव्हॉन म्हणाली. "माझं हेच वाक्य तू वीस वर्षं ऐकत नाहीस. बघू, हिचं ऐकतोस का."

पण तिघांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रस्त्यांवर तपासणं म्हणजे न्याय नव्हे, असं माझ्या मनाने घेतलं. एकच रस्ता, एकच वेळ, तिघे शेजारी! शनिवारी सकाळी तिन्ही डब्या काचेवर ओळीने चिकटवल्या, लव्हॉनच्या हातात वही दिली आणि आम्ही निघालो.

मैलभर गेलो नाही तोच पहिला किंचाळला. लगेच तिसरी म्हणाली, "सावधान!" आणि चक्क दुसराही, "टुक!"

"लिही! तिघांना एकदम!" मी ब्रेक दाबला. पंचावन्नवरून पंचेचाळीस. बोंब थांबेना. पस्तीस. थांबेना! पहिला वरच्या सुरात, तिसरी त्याच्या अर्धा सूर खाली. माझ्यासारख्याच्या कानांत ते म्हणजे दातांत वाळू! पंचवीस. वीस.

"वेंडेल, इथे पोलीस कुठे दिसतोय?"

"दिसला तर तो पोलीस कसला! झाडीत असतील. आज मोठी मोहीम दिसतेय. दोन्ही बाजूंना लपलेत."

"मक्याच्या शेतात? मका अजून घोट्याएवढा आहे."

"मग आडवे झोपले असतील!"

मी दोन्ही हातांनी चाक धरलं. आपण कायद्याला किती मानतो ते दिसावं म्हणून भर सकाळी दिवेही लावले. त्याच थाटात आम्ही मिलर्सफोर्क नावाच्या गावात शिरलो. चर्चच्या कोपऱ्यावर वळताना माझं लक्ष डब्यांकडे, लव्हॉनचं वहीत. कोपऱ्यावरून नेमकं काय निघालं होतं, ते आम्हा दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही.

"मागे बऱ्याच गाड्या साचल्यात," थोड्या वेळाने लव्हॉन म्हणाली. "गंमत म्हणजे कोणी हॉर्न वाजवत नाहीये. सगळ्यांनी दिवे लावलेत."

"बघ! त्यांच्याकडेही डिटेक्टर असणार."

समोरून येणारा एक ट्रक कडेला थांबला. त्यातला शेतकरी खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरून उभा राहिला. पुढे आणखी एक. मग एक म्हातारी तर मान खाली घालून उभी!

"वेंडेल, लोक टोप्या का काढतायत?"

"काल गाडी धुतली ना."

तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला. आरशात पाहतो तर शेरीफच्या ऑफिसचा डेप्युटी! तो शेजारून पुढे गेला, जाता जाता त्याने मला सलाम ठोकला, पुढच्या चौकात लाल सिग्नल असताना आडवी वाहतूक अडवली आणि मला हाताने खुणावलं, या, या!

"लाल दिव्यात बोलावतोय!" मी ओरडलो. "मी गेलो की धरणार! सापळा आहे, लव्हॉन!"

तीन डब्या कोकलत होत्या. मला दुसरं काही सुचलं नाही. चौकाच्या अलीकडे उजवीकडे एक फाटा दिसला, तिथे चाक फिरवलं आणि सुसाट, म्हणजे ताशी वीस मैलांनी, आत घुसलो.

तो रस्ता नव्हता. आइस्क्रीमच्या दुकानाची गाडीत बसून घ्यायची गल्ली होती! एकाच बाजूने जाणारी, दोन्हीकडे कठडे. आणि मागच्या सगळ्या गाड्या, एकही न चुकता, माझ्या मागोमाग आत आल्या.

खिडकीतल्या बाईने बाहेर डोकावून पाहिलं. "अगं बाई! सगळे एकत्रच का? किती जण आहात?"

"दोन," मी म्हणालो.

"आणि मागच्या तेवीस गाड्या?"

मी मान वळवली. माझ्या मागे लांबलचक काळी गाडी. तिच्यामागे काळे कोट, काळ्या टोप्या, प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर छोटा जांभळा झेंडा. लव्हॉनने वही मिटली.

"वेंडेल," ती अगदी हळू म्हणाली, "आपण कुणाची तरी अंत्ययात्रा पळवली आहे."

शववाहिका आमच्या पुढे होती हो! कोपऱ्यावर मी तिच्या आणि घरच्यांच्या मधे शिरलो. वीसच्या वेगाने जाताना ती कधीच दिसेनाशी झाली. आमच्याकडे अंत्ययात्रेत दिवे लावून हळू चालतात, आणि मागच्यांना माझीही गाडी काळी दिसली, दिवे लावलेले, चाल गंभीर. त्यांना वाटलं, हाच आपला पुढारी!

अंत्ययात्रेला वाट करून देणारा डेप्युटी धावत आला. त्याच्या छातीवर नाव होतं, ब्रुन्स. मी काच खाली केली आणि आतून तिसरी ओरडली, "सावधान! पुढे रडार!"

त्याने माझं लायसन्स घेऊन नाव वाचलं आणि वाकून तिन्ही डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे तिन्ही एकदम चालू आहेत?"

"तुलना करतोय, साहेब."

"रडार माझ्या मोटरसायकलवर नाही. शनिवारी या रस्त्यावर कुणाकडेच नाही." त्याने एकेक डबी बंद केली. शेवटची बंद होताच अशी शांतता पसरली की मला आइस्क्रीमच्या यंत्राची घरघरही ऐकू आली. "शेजारी शेजारी ठेवले की यांच्यातले काही एकमेकांच्याच लहरी पकडतात, मिस्टर ग्रूबर. हे सकाळपासून एकमेकांना भीत होते."

काय सांगू! तीन काउंट्यांतला पहिला कान, आणि हे मला कळलं नाही!

एवढ्यात मागच्या काळ्या गाडीतून एक ठेंगणी म्हातारी बाई उतरली. या मिसेस ओपल टॅकेट, गेलेल्या हार्लन टॅकेट यांच्या पत्नी. मी घाईघाईने बाहेर पडून हात जोडायच्या बेतात होतो. "बाई, माफ करा, मी... तुमचे यजमान तिकडे एकटेच..."

"पाद्री आहेत सोबतीला," त्या म्हणाल्या. त्यांनी रांगेकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं. "मागे वळता येणार आहे का?"

"नाही, बाई," ब्रुन्स म्हणाला. "पुढून सगळे एकामागून एक बाहेर पडले तरच."

"मग मला एक व्हॅनिला. सकाळपासून पोटात काही नाही."

असं झाल्यावर मागच्यांना तरी कोण अडवणार! अर्ध्या तासाने तेवीस गाड्या कोन चाटत बाहेर पडल्या. सगळ्यात पुढे मी! ब्रुन्सने बजावलं होतं, "आता मधेच रांग सोडू नका, आणखी घोळ होईल. थेट दफनभूमीपर्यंत न्या."

तिथे मी गुपचूप सटकणार होतो. पण लोकांच्या लेखी सगळ्यात पुढच्या गाडीतला माणूस म्हणजे जवळचाच! लोकांनी मला वाट करून दिली, खांद्यावर थोपटलं आणि थेट शवपेटीशी नेऊन उभं केलं. पाद्री म्हणाले, "हार्लनबद्दल कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या!

लव्हॉनने माझी बाही ओढली. पण ओठ आधीच उघडले होते. खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं. "मी..." घसा खाकरला. "मी हार्लनना कधीही घाईत पाहिलं नाही."

मग मागच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग अख्खी दफनभूमी पोट धरून हसायला लागली! पाद्रींनी पुस्तकाआड तोंड लपवलं. मिसेस टॅकेट तर डोळे पुसता पुसता वाकल्या.

ब्रुन्स माझ्या कानाशी कुजबुजला, "तीस वर्षं मातीच्या ट्रॅकवर शर्यतीची गाडी चालवायचा हार्लन. त्याच्याइतक्या चिठ्ठ्या या काउंटीत कुणावर फाटल्या नाहीत. दोन तर मीच फाडल्यात."

मिसेस टॅकेटनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण काल रात्रीपासून सगळे मला रडवतच होते. आता चर्चच्या तळघरात जेवायला यायचं. हॅम आहे, बटाटे आहेत." मी आभार मानून सांगितलं, मी पियानो जुळवतो. "मग जाताना नाव लिहून ठेवा. हार्लनच्या आईचा पियानो आहे घरी, कितीतरी वर्षं बेसूर पडलाय."

ब्रुन्सने चिठ्ठी फाडली नाही. नुसती तोंडी ताकीद दिली, आणि तीही हळू चालवल्याबद्दल! माझ्या आयुष्यातली पहिलीच.

जेवून बाहेर आलो तेव्हा किल्ली लव्हॉनच्या हातात होती. "तू बस शेजारी," ती म्हणाली. मी बसलो. गाव संपलं, रस्ता मोकळा झाला, आणि तिने गाडी ऐंशीवर नेली! मी दोन्ही हातांनी दार धरलं.

"लव्हॉन! पोलीस!"

"हळू ओरड," ती म्हणाली. "मला त्यांनी अजून एकदाही पकडलेलं नाही."